तीन बोटांचा गोळा

माय, सगळ्यात आधी आली ती भिंतीपलीकडची शेजारीण. पाहुण्यांची गाडी अजून दुर्ग स्टेशनात शिरली नव्हती अन् ही बाई रिकामी वाटी घेऊन फाटकात हजर. म्हणे, विरजण दे. मी म्हटलं, "वाटी ठेव अन् खरं बोल, माझी पोरगी पाहाले आली न तू?" तर फस्सकन हसली. ती इथलीच, छत्तीसगढी. आमी दोघी आपापल्या भाषेत बोलतो अन् दोघींले सारं समजते. तिनं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "का रांधत हस ओ?" मी म्हटलं, आज मी काहीच रांधून नाही राहिली, आज माझा जवाई रांधणार आहे, आंगणात, लोखंडाच्या डब्यावर. जवाई रांधणार म्हटल्यावर ती कायची घरी जाते! विरजण विसरली, वाटी विसरली, वट्ट्यावर ऐसपैस बसून राहिली.

हे सारं मी तुले कावून सांगून राहिली, मलेच माहीत नाही. सांगायचं आहे ते वेगळंच आहे. तुझा तो एक गोळा होता न माझ्याकडं, शेवटचा, त्याचं सांगायचं आहे. पण मी अशीच, सरळ कुठं पोचत नाही. तूच म्हणे, या पोरीले मीठ आणाले पाठवलं तर आधी साऱ्या गल्लीची खबर आणते, मग मीठ. तुले वाचता येत नव्हतं अन् मले लिहिता येते म्हणावं असं येत नाही. दोन-तीन वर्ग झाले, तेही हिंदीत. म्हणून हळूहळू लिहितो आपण, तू हळूहळू ऐक.

तर माझी पोरगी आली, जवाई आला अन् नात आली, थेट बंगलोरहून, लय वर्षांनी. मोबाईलवर नात रोज दिसते, पण मोबाईलवर लेकरू कपाळापासून हनुवटीपर्यंतच दिसते न वो, उंची कुठं दिसते! फाटकातून आत आली तर माझ्या खांद्याले लागली. मी रडली, मग हसली, मग शेजारीण रडली म्हणून पुन्हा हसली. नात मराठी बोलते, पण अर्ध्या रस्त्यात हिंदीवर उतरते. म्हणे, "आजी, तू तो एकदम छोटी सी हो गई." मी म्हटलं, हो बाई, तुले जागा करून देऊन राहिली.

जवायानं चाकाचा एक लोखंडी डबा सोबत आणला होता, झाकणाचा, आत जाळी. बार्बेक्यू म्हणतात त्याले. अन् दोन थैल्या. एका थैलीत लाकडी कोळसा, आपला इस्तरीवाला वापरे तसा. दुसऱ्या थैलीत काळे काळे गोळे, उशीसारखे फुगीर, सारे एकासारखे एक. अन् तिसरं म्हणजे आंब्याच्या वाळल्या फांद्या, गेल्या वर्षी तोडून भिंतीशी ठेवल्या होत्या त्या. नातीनं त्या पाहिल्या अन् अडून बसली, लाकूडच पाहिजे, मोबाईलमधल्या बाया लाकडावरच भाजतात. पोरगी म्हणे, लाकूड नको, साऱ्या मोहल्ल्यात धूर होईल, शेजारी भांडतील. शेजारीण तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मैं काबर लड़हूँ? मोला तो खाय बर बलाय हे." तिले कोणी जेवाले बलावलं नव्हतं. पण आता बलावल्यासारखंच झालं.

"आई, तुम्हीच सांगा," जवाई म्हणाला, "लाकूड, कोळसा का हे ब्रिकेट?"

मले कोणी काही विचारत नाही आजकाल, माय. औषध घेतलं का, एवढंच विचारतात. मी तर मांडी घालून बसलीच. मी म्हटलं, जवाईबापू, लाकडाचा स्वभाव रुसव्या माणसाचा. भडकते, मग धुमसते, अन् निखारे पडेपर्यंत डोळ्यांत पाणी आणते. पण वांग्याले जो वास लागते तो त्याचाच. कोळसा घाईचा. पेटला का लालबुंद, अन् पाहुणे अर्ध्या जेवणावर असताना राख होऊन मोकळा. अन् हे तुमचे गोळे... मी थैलीतला एक उचलून हातात घेतला अन् उलटूनपालटून पाहिला. मी म्हटलं, "हे तर माझी माय बनवे!"

मग काय, सुरूच झाली मी. सेक्टरातलं आपलं कारखान्याचं क्वार्टर, मागचं आंगण, अन् तू. लाकडाच्या टालावर, वखारीत, खाली जो कोळशाचा चुरा साचे, तो तू टोपल्यात भरून आणे. सुपानं पाखडे, मोठे तुकडे अलग, भुकटी अलग. मग भुकटीत तळ्याची काळी माती, मुठभर शेण, अन् भाताची पेज. जवायानं थैली वाचून सांगतलं, यातही स्टार्च घालतात, म्हणजे पेजच झाली. मी टाळी वाजवली. तू कोपरापर्यंत बांगड्या सरकवे, पदर खोचे, अन् बसे. शेण जास्त झालं तर गोळा भुरभुर जळून जाते, माती जास्त झाली तर मधातच विझते. तुले ते हाताले कळे. एक एक गोळा वळला का तू त्याच्या पोटात तीन बोटं दाबे, खड्डे पडत. म्हणे, मधून पातळ झाला का लवकर वाळते अन् आच आतपर्यंत जाते. अन् तुझं मधलं बोट तर वाकडं, लग्नाच्या आधी गावी धान कापताना विळा लागलेलं. म्हणून मधला खड्डा नेहमी तिरपा. गल्लीत साऱ्या बाया गोळे करत, पण कोणते आपले ते मी दुरून सांगे.

नात ऐकून राहिली होती तोंड उघडं टाकून. "तीन उंगली? ऐसे?" तिनं हवेत दाबून दाखवलं. मी तिचं मधलं बोट धरून तिरपं केलं. "असं."

तिले मी संध्याकाळचंही सांगतलं. दिवस कलला का गल्लीतल्या साऱ्या सिगड्या बाहेर. प्रत्येकीच्या दारासमोर धूर, इतका का समोरचं क्वार्टर दिसे नाही. बाया खोकलत, हसत, एकमेकीले आवाज देत. त्या धुरातून बाबा सायकल हातात धरून येत, कारखान्यात कोक ओव्हनची, कोळशाच्या भट्टीची, ड्युटी करून, तेही काळे. तू म्हणे, "दिवसभर भट्टीजवळ राहते, अन् घरी आला का पुन्हा सिगडीपाशीच बसते, काय माणूस आहे!" बाबा म्हणत, "तिकडची आग सरकारची, ही माझी आहे." तू लाजे, अन् गोळा नसला हलवायचा तरी चिमट्यानं हलवे. हे मी नातीले नाही सांगतलं. हे तुलेच सांगून राहिली.

जवाई हुशार आहे, माय, उगाच म्हणत नाही. त्याच्याजवळ बिनबुडाचं एक डबडं होतं. खाली कागद, वर गोळे, काडी लावली का आपोआप पेटतात, ना फुंकणी ना पंखा. माझं म्हणणं होतं खाली आंब्याच्या ढलप्या घाला. घातल्या, तर इतका धूर झाला का सारे फाटकापर्यंत पळाले. मग त्याच्याच रीतीनं केलं. पोरीनं कोंबडीचे तुकडे जाळीवर ठेवाले घेतले तर तो तिले म्हणे, "थांब, आत्ता नको. ब्रिकेटवर पांढरी राख येऊ दे, नाही तर वास लागतो." मी त्याच्याकडं पाहतच राहिली. आठवते तुले? मी एकदा गोळे काळे असतानाच वांगं ठेवलं होतं, भूक लागली म्हणून. तू माझ्या हातावर चिमट्याची दांडी मारली. म्हणे, "त्याले पांढरी चादर तर घेऊ दे! काळ्या तोंडाच्या आगीवर खाल्लं का काळजात धूर राहते." मले तेव्हा लय राग आला होता. आता तीच गोष्ट बंगलोरचा माणूस माझ्या आंगणात सांगून राहिला होता, अन् मले वाटलं, उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा.

मग त्यानं तिन्ही मिळवले. खाली ब्रिकेट, त्यावर थोडा कोळसा, लवकर लाल व्हाले, अन् कडेला आंब्याची एक ढलपी, वासापुरती. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. शेजारीण म्हणाली, असा समजूतदार जवाई असेल तर तिच्याही पोरीसाठी पाहा.

आता त्या गोळ्याचं.

तू गेली त्या वर्षी माघात तू गोळे केले होते. आंगणभर मांडले होते, अन् मग तू पडली. कावीळ. खाटेवरून तू एकच विचारे, "पलटवले का वो?" मी म्हणे, पलटवले. पुन्हा विचारे. गोळे वाळले, चुंगडीत, पोत्यात, भरले, अन् तू ते पाहाले राहिली नाही. गावाहून सारे आले, भंडाऱ्याकडचे. आत्यानं चूल हाती घेतली. माणसं येत, रडत, चहा पीत. चहा कशावर? "जा वो पोरी, गोळे आण." मी आणे. तेरवीपर्यंत मी तेच केलं, चुंगडीत हात घालायचा, टोपलं भरायचं, आत्यापाशी ठेवायचं. माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं. एक दिवस चुंगडीत हात घातला तर तळ लागला. एकच गोळा हाताले आला, अन् माझं बोट त्या तिरप्या खड्ड्यात गेलं. तेव्हा समजलं का आमी इतके दिवस काय जाळून राहिलो. तुझे हात होते ते. साऱ्या गावानं त्यावर चहा केला होता.

तो गोळा मी परकराच्या घेरात लपवला. आत्याले म्हटलं, संपले.

तुझा फोटो नव्हता न. बाबा नेहमी म्हणत, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले गावी गेलो का तिथं फोटोवाला बसते, काढू. मंडई येई, जाई. लग्न करून मी या घरी आली तर लुगड्यांच्या मधात कापसात गुंडाळून तो गोळा आला. अक्तीच्या दिवशी, अक्षय तृतीयेले, सारे आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, मागं फोटो ठेवतात. मी काय ठेवू? मी पाटावर गोळा ठेवला, हळदकुंकू लावलं. पहिल्या वर्षी तुझ्या जवायानं, माझ्या मालकानं, विचारलं, "हे काय?" मी सांगतलं. दुसऱ्या वर्षी मी उठायच्या आधी त्यायनंच पाट धुवून ठेवला होता. म्हणे, "बसव तुझ्या मायले." आता तेही नाही. त्यायचा तर फोटो आहे, दोन आहे. दर अक्तीले दोन घागरी असतात, एका मागं फोटो अन् एका मागं बिस्किटाच्या डब्यातून काढलेला कोळशाचा गोळा. पोरीले मी कधी सांगतलं नाही. ती बाहेरगावी शिकली, अक्तीले कधी इथं राहिलीच नाही. अन् काय सांगावं, हसली असती तर? शेजारणीले माहीत आहे फक्त. ती आंब्याचं पन्हं प्याले येते त्या दिवशी, अन् पाटाले नमस्कार करून जाते. कायले केला ते विचारत नाही.

तर कोंबडी झाली, पनीर झालं, मक्याचे कणीस झाले. मी म्हटलं, आता माझं भरताचं वांगं ठेवा. मी पाटावर बसली, चिमटा माझ्या हातात, वांगं फिरवाले. नात घरात गेली होती कागदाच्या प्लेटा आणाले, स्टोरमध्ये. लय वेळ लावला. मग पळत आली, हात मागं, अन् बार्बेक्यूच्या पलीकडच्या अंगाले वाकली. काहीतरी केलं अन् उड्या मारत माझ्याजवळ आली.

"आजी, सरप्राइज! आता पाहा!"

मी पाहिलं. जाळीच्या कडेले, लाल निखाऱ्यांच्या मधात, एक काळा गोळा होता. बाकीच्यांसारखा गुळगुळीत नव्हता. त्यावर जुन्या कुंकवाचा डाग होता.

"तुझ्या आईचा ब्रिकेट! डब्यात होता, दिव्यांच्या मागं. तीन उंगली, मधली तिरपी, मी एकदम पहचान गई! एकच बचा था, म्हणून मी टाकला. अब तेरी मम्मी भी अपनी पार्टी में है."

शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. ती काही बोलणार तोच मी तिचा गुडघा दाबला. पोरगी हसून म्हणाली, "आई, तूही काय काय सांभाळून ठेवतेस!" जवाई वाकून पाहाले लागला, म्हणे, इतका जुना आहे, पेटेल का? नात माझ्या चेहऱ्याकडं पाहून राहिली होती, माय. तुझे डोळे आहे तिचे. हे मी आधी सांगतलं का? फोटो नसल्यामुळं कोणाले पटवून देता येत नाही, पण तुझेच आहे.

मी म्हटलं, "पेटेल. माझ्या मायचा आहे." अन् वांगं फिरवलं.

पेटला तो. आधी कुंकू गेलं. मग कडा लाल झाल्या, मग तीन खड्ड्यांत आग उतरली, तिरप्या खड्ड्यात सगळ्यात शेवटी. तू म्हणे तसंच, आच आतपर्यंत गेली. जवायाचे गोळे राख होऊन बसले तरी तुझा लाल होता. मी पोरीले म्हटलं, दुसरं वांगं आण. तिसरं आण. इतकं भरीत कोण खाणार, ती म्हणाली. मी म्हटलं, आण. माझं आयुष्यातलं सगळ्यात जास्त भरीत त्या दिवशी झालं. शेजारीण गंजभर, मोठं पातेलं भरून, घरी घेऊन गेली.

चव? खोटं कायले सांगू तुले. चव जशी असते तशीच होती. मी घास तोंडात ठेवून वाट पाहिली, काही होईल म्हणून. भरताचीच चव आली. मीठ थोडं कमी होतं. नातीनं विचारलं, "तुझ्या आईसारखं झालं?" मी म्हटलं, अगदी. ती इतकी खूश झाली का तिनं मले बसल्या जागी मिठी मारली, भरताचा हात माझ्या लुगड्याले पुसला गेला. मलेही आनंद झाला, माय. ते खोटं नाही. नात गळ्यात होती अन् तू समोर जळून राहिली होती. दोन्ही एकाच वेळी कसं होते, ते मले अजून समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. बार्बेक्यूचा डबा इथंच ठेवून गेले, पुढच्या वेळेसाठी. घर रिकामं झालं का आवाज होतो, तुले माहीत आहे. मी आंगणात गेली अन् झाकण उचललं. सारी राख बसून गेली होती, पण तुझा गोळा उभा होता. पूर्ण पांढरा, चादर घेतलेला. अन् तिन्ही खड्डे तसेच, मधला तिरपा. इतक्या वर्षांत मी त्या खड्ड्यांत बोटं ठेवली नव्हती, झिजतील म्हणून. आता ठेवली. राख कोमट होती. माझी बोटं म्हातारी झाली, तुझ्यापेक्षाही म्हातारी. पण बसली तिथं. क्षणभर बसली, अन् मग गोळा खाली बसला, आवाज न करता.

शेजारीण वाटी न्यायले आली होती, काल विसरलेली. माझे हात पाहिले तिनं. वाटी बाजूले ठेवली अन् झाडू घेऊन सांडलेली राख गोळा करू लागली. तुझी राख मी वेगळी काढून त्याच बिस्किटाच्या डब्यात भरली. तू राखेनं भांडे घासे. मले या राखेनं भांडे घासणं जमणार नाही, रागावू नको.

ही चिठ्ठी कुठं टाकायची, मले माहीत नाही. डब्यातच ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं, म्हणूनच इतकं गोल गोल फिरली. पोरगी अन् जवाई समजतात, आईनं लेकराच्या आनंदापायी काही म्हटलं नाही. शेजारणीलेही तसंच वाटते, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, तुझं काळीज मोठं आहे. तसं काही नव्हतं, माय. मी पाहिला तेव्हा गोळा काळाच होता, एका बाजूनंही पेटला नव्हता. चिमटा माझ्या हातात होता. काढता आला असता. पण मले तुझी आग आणखी एकदा पाहायची होती.

गाडीत बसताना नात म्हणाली, आजी, कोळशाचा चुरा जमा करून ठेव, आपण दोघी गोळे करू, तीन उंगलीवाले. तिनं कॅलेंडर पाहून दिवसही सांगतला, शाळेले सुट्ट्या लागतात तेव्हाचा. तिले ठाऊक नाही तो कोणता दिवस आहे. अक्तीले येतो म्हणून गेले.